दहीपेटीच्या तळाचा थर

सर्जेराव मगदुमांनी उभ्या आयुष्यात कुठल्या मिस्त्रीला घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढलेला माणूस. गाडी फाटकातून आत येतानाच तिच्या घरघरीवरून दुखणं सांगणारा. निवृत्त होऊन हुपरीला घरी बसल्यावर असे हात स्वस्थ कसे राहणार? मिक्सर, गिझर, शेजारणीचा कुकर, देवळातला भोंगा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. काही वस्तू सुधारल्या, काहींनी तिथंच राम म्हटला. राम म्हटलेल्यांची आठवण सर्जेरावांना फारशी राहत नसे आणि त्यांच्या पत्नी उज्ज्वलाबाई ती करून देत नसत.

त्या मंगळवारी सकाळी दहीपेटीवर हिरव्याऐवजी तांबडा दिवा लागला. आता अशा पेट्या गावोगाव दिसतात, पण तेव्हा सगळ्या हुपरीत मिळून अकराच होत्या, आणि मगदुमांच्या घरातली पेटी उज्ज्वलाबाईंच्या हातांसाठी होती.

हुपरी म्हणजे चांदीच्या पैंजणांचं गाव. घरोघरी बायका पैंजणाच्या कड्या जोडत बसतात. उज्ज्वलाबाईंचा हात त्या कामात असा बसलेला की व्यापारी त्यांची जोडणी नुसतं बोट फिरवून ओळखायचा. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना कंपवातानं गाठलं. आधी उजवा अंगठा हलू लागला, मग मनगट. कडी चिमट्यात धरायची आणि ती मांडीवर सांडायची. गोळी घेतली की दोन तास बरं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर मळमळ आणि अंगाला झटके. मेंदूला जे द्रव्य कमी पडतं त्याचा कच्चा माल गोळीतून एकदम पोटात पडतो आणि एकदम संपतो, हे त्याचं कारण. हवी होती ती दिवसभराची थेंब थेंब धार.

संशोधकांना ती धार दह्यात सापडली. दूध विरजणाऱ्या जंतूंच्या जनुकांत त्यांनी अशी भर घातली की ते आतड्यात बसून, आपण खाल्लेल्या डाळी-भाकरीतल्या प्रथिनांपासून थोडं थोडं औषध तयार करत राहतील. रोज सकाळी एक वाटी दही खायचं, बस्स. दही बंद केलं की तीन-चार दिवसांत जंतू पोटातून निघून जातात आणि हात पुन्हा हलायला लागतो.

हे जंतू प्रत्येक रुग्णाच्या पोटाला जुळवून घ्यावे लागत. पेटी त्यांना ठरलेल्या उबेत ठेवी, प्रकाशाचा किरण सोडून त्यांची दाटी मोजी आणि महिन्याला येणाऱ्या पुडीतून त्यांना खुराक घाली. सगळी मेख ह्या खुराकात होती. अंगाभोवतीचं कवच बांधायला लागणारा एक घटक ह्या जंतूंना स्वतः बनवता येऊ नये, अशी व्यवस्था मुद्दाम केलेली होती. तो घटक फक्त पुडीत मिळे. पेटीबाहेर साध्या दुधात दोन-तीन वेळा विरजण लावलं की ते मरून जाणार. औषध घराबाहेर पडू नये म्हणून घातलेलं ते कुलूप होतं.

तर त्या मंगळवारी सर्जेरावांनी कंपनीला फोन लावला. माणूस नऊ दिवसांनी येईल, तोवर सील तोडू नका, असं उत्तर मिळालं. फ्रिजमध्ये जुन्या दह्याच्या दोनच वाट्या होत्या. उज्ज्वलाबाई तयार पैंजण घेऊन व्यापाऱ्याकडे गेल्या आणि सर्जेरावांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

वर्कशॉपचा पहिला नियम असा की आधी धुवायचं, मग बघायचं. मळलेल्या भागात दोष दिसत नाही. सर्जेरावांनी पेटी ओट्यावर आडवी केली, सील कापलं, एकेक भाग काढून ओळीनं मांडला. अगदी तळाशी अंगठ्याएवढी एक वाटी होती आणि तिच्यात करडा, चिकट, आंबूस वासाचा थर बसलेला. दोन वर्षांचं कीट, असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं. उकळतं पाणी, सोडा आणि तारेची घासणी घेऊन ती वाटी त्यांनी अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं, आणि खिडकीत उपडी घातली.

दोष मग लगेच सापडला. दह्याची निवळी झिरपून एका तारेच्या टोकाला गंज चढला होता. पॉलिश पेपरनं टोक घासलं, पुन्हा बसवलं, सगळं जुळवलं. दोन स्क्रू उरले, ते त्यांनी नेहमीप्रमाणे खिशात टाकले. बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला. सर्जेराव एकटेच होते, तरी मिशीवरून हात फिरवल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

तेवढ्यात पेटीच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'मूळ विरजण आढळले नाही. नवीन बसवले का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

माहितीपत्रक दुरुस्ती झाल्यावर वाचायचं, ही मिस्त्री लोकांची जुनी रीत. सर्जेरावांनी ते शोधून काढलं, चष्मा लावला आणि ते सातव्या पानावर थांबले. तळाच्या वाटीतला करडा थर हेच मूळ विरजण होतं. त्याच्यापासून रोजचं दही लागायचं. हा थर गेला की रुग्णाच्या पोटाची नव्यानं तपासणी, समितीची मंजुरी आणि किमान सव्वीस दिवस. सील रुग्णाच्या घरच्यांनी तोडलं असेल तर मंजुरी मिळेलच असं नाही.

बायकोचे हात आपण तारेच्या घासणीनं घासून मोरीत सोडून दिले, हे त्यांना कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एका यंत्राची भीती वाटली.

माणूस घाबरला की एक चूक झाकायला दुसरी करतो. कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेलं साधं दही त्यांनी तळाच्या वाटीत घातलं आणि 'हो' दाबलं. पेटीला काय, ती फक्त दाटी मोजायची. जंतू शहाणे की अडाणी हे तिला कळत नव्हतं. ती आनंदानं घुरघुरू लागली. मग त्यांनी कंपनीला फोन करून पेटी आपोआप सुरू झाल्याचं सांगितलं आणि तक्रार मागे घेतली. सांगायचंच, पण जरा धीर करून, जरा वेळ बघून, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

उज्ज्वलाबाई दुपारी आल्या. पेटीचा हिरवा दिवा बघितला, खिडकीकडे एक नजर टाकली, "बरं झालं," म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला बसल्या.

जुन्या दह्याच्या वाट्या बुधवारी संपल्या. गुरुवारपासून पेटीतलं डेअरीचं दही सुरू झालं. हिशेबानं रविवारी हात हलायला हवा होता. सर्जेराव शनिवारपासूनच डोळ्यांत तेल घालून बसले. चहाची बशी वाजते का ते ऐकत. सुईत दोरा ओवून मागत. कधी नव्हे ते पैंजणाच्या पाटाशेजारी वर्तमानपत्र घेऊन बसत आणि तासभर एकच पान धरत.

रविवार गेला. हात हलला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. उज्ज्वलाबाई केसाएवढ्या कड्या एकामागून एक अशा जोडत होत्या की बघणाऱ्याची नजर ठरू नये.

सर्जेरावांची मती गुंग झाली. आनंद मानावा की काळजी करावी, तेच समजेना. आधी वाटलं, आजारच बरा झाला. मग वाटलं, आजार नव्हताच, कंपनीनं दोन वर्षं साधं दही खाऊ घातलं. मग एकदा असंही वाटून गेलं की आपण वाटी इतकी स्वच्छ घासली म्हणून उलट पेटीला गुण आला. ह्या तिसऱ्या विचारात ते दिवसभर रमले आणि संध्याकाळी त्यांनाच त्याची लाज वाटली. इंजिन काढून ठेवलेली गाडी रस्त्यावरून धावताना दिसली तर फोरमननं काय समजायचं? बोलायची सोय नव्हती. बोललं तर आधी वाटीचं सांगावं लागणार.

शेवटी बुधवारी त्यांनी कोल्हापूरच्या डॉक्टर अन्वी शेट्यांना फोन लावला. पेटी ह्याच तरुण डॉक्टरबाईंनी मंजूर करून दिली होती. समजा एखाद्या माणसानं असं केलं, समजा त्याच्या बायकोचा हात तरीही हलला नाही, असं समजा-समजा करत त्यांनी सगळी हकिकत ओतली. डॉक्टरांनी तारखा पुन्हा एकदा विचारून घेतल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "औषध बंद झालं असतं तर एव्हाना हात हललाच असता. हलत नाही, म्हणजे औषध कुठून तरी पोटात जातंय. कुठून ते शोधा, आणि आजच शोधा."

त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता उज्ज्वलाबाई पदराखाली काहीतरी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडल्या. सर्जेराव पाठोपाठ निघाले. बायकोच्या मागं लपतछपत जाताना त्यांना चोरासारखं वाटत होतं. त्या फार लांब गेल्याच नाहीत. तीन घरं सोडून जुबेदाभाभी शिकलगार राहायच्या, उज्ज्वलाबाईंची तीस वर्षांची शेजारीण. त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून उज्ज्वलाबाई पदराखालून आणलेल्या वाटीत शांतपणे दही खात होत्या.

"या भावजी," भाभी म्हणाल्या. "तुमीबी घ्या वाटीभर. तुमच्याच घरचं हाय."

सर्जेराव दारातच उभे राहिले. उज्ज्वलाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"कवापासनं?" सर्जेरावांनी विचारलं.

"तुमी पेटी उघडली त्या दिवसापासनं. खिडकीत वाटी उपडी घातलेली दिसली, चकचकीत. तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? नवी गाडी काढल्यागत उभं हुता पेटीजवळ." त्या थोडं थांबल्या. "तुमी माझ्या हाताकडं बघत हुता, मी तुमच्या तोंडाकडं बघत हुते. आज सांगतील, उद्या सांगतील. आन् मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार हुते? पैला नेम मीच मोडलाय."

त्यांचा मोडलेला नेम असा होता. दोन वर्षांपूर्वी, रमजानच्या महिन्यात भाभींचं दही नासलं आणि त्या वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. घरात दुसरं दही नव्हतं. कंपनीनं बजावलं होतं की हे कुणाला देऊ नका. पण दारात आलेल्या बाईला विरजण नाही म्हणायचं? दिवेलागण झालेली असती तर एक वेळ म्हणता आलं असतं, तेव्हा कुणी दही देत नाही आणि कुणी मागत नाही. ती भर सकाळ होती. शिवाय दोन-तीन वेळा लावलं की आपोआप मरतं असं त्या पत्रकात लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी चमचाभर दिलं.

ते मेलं नव्हतं; दुसरा उपाय नव्हता म्हणून उज्ज्वलाबाईंनी भाभींकडचं खाऊन बघितलं आणि हात हलला नाही, तेव्हा त्यांना ते कळलं. भाभींकडून ते समोर सुतारांकडे गेलं, सुतारांकडून माळ्यांकडे, माळ्यांच्या लेकीसोबत पुढच्या बोळात. दही घट्ट लागायचं, आंबायचं नाही, म्हणून जो तो मागून न्यायचा. गल्लीतल्या बायका सकाळी पाण्याला आल्या की एकमेकींना रंगीत स्वप्नं सांगायच्या, आणि ही दह्याची करणी असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सर्जेरावांनी कळवल्यावर डॉक्टर अन्वी त्याच दुपारी तपासणीची पेटी घेऊन आल्या. नऊ घरांचं दही त्यांनी तपासलं. नऊही ठिकाणी पट्टी निळी झाली, म्हणजे दह्यात औषध होतं.

भाभींच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. जंतूंमध्येही उसनवारी चालते. शेजारी बसलेल्या जंतूकडून जनुकाचा तुकडा घ्यायचा, तो आपल्यात बसवायचा. भाभींच्या म्हशीच्या दुधात साधे जंतू होतेच. पेटीतून आलेल्या कोट्यवधींतल्या एखाद्या पाहुण्यानं त्यांच्याकडून कवच बांधायची विद्या उचलली. बाकीचे खुराकावाचून मेले, तो एक जगला आणि रोजच्या विरजणात वाढत गेला. कुलूप आता उरलं नव्हतं. शिवाय ह्या दह्यात औषध किती उतरतं हे कुणी मोजलेलं नव्हतं, आणि ते खाणाऱ्यांत कंपवात फक्त उज्ज्वलाबाईंना होता.

भाभींची सून शबनम दाराला टेकून ऐकत होती. तिला सातवा महिना होता. गेले काही दिवस रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, उलट्या, आणि सगळे म्हणत होते पोटाला थंड म्हणून दही खा. तिनं पोटावर हात ठेवला आणि डॉक्टरांना विचारलं की बाळाला काही होईल का. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. माहीत नाही, पण आजपासून एक चमचाही नको.

"सगळं नष्ट करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "मी समितीला कळवणार आहे. पण माणसं येऊन घरात शिरण्यापेक्षा तुम्ही स्वतः गोळा केलंत तर बरं."

सर्जेरावांनी तेव्हा जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. त्यांनी दुरुस्ती सुचवली. ह्यातलं चमचाभर आपल्या पेटीत परत बसवू, बाकीचं सगळं ओतून टाकू. पेटी चालू आहे, हिचे हात राहतील. डॉक्टरांनी मान हलवली. पेटीतलं विरजण खुराकानं कोंडलेलं असायचं. ह्याला आता कशानंच कोंडता येत नव्हतं. एका वाटीतून नऊ घरं झाली होती, पुन्हा व्हायला वेळ लागला नसता. नव्या विरजणासाठी त्या स्वतः समितीपुढं उभ्या राहणार होत्या, पण सव्वीस दिवसांच्या आत ते होणार नव्हतं, आणि होईलच असं वचन त्यांना देता येत नव्हतं. तोवर पुन्हा गोळ्या.

"एका वाटीचं कुणाला कळणार हाय?" सर्जेराव बायकोच्या कानाशी म्हणाले. उज्ज्वलाबाई उठल्या. त्यांनी भाभींच्या शिंकाळ्यावरचं दह्याचं भांडं काढलं आणि बादलीत ओतलं.

संध्याकाळपर्यंत नवराबायको घरोघर फिरले. दह्याचं भांडं पुरतं रितं करायचं नसतं, म्हणून बायका कुरकुरल्या, पण शबनमचं नाव काढलं की गप्प बसून भांडं पुढं करत. सर्जेराव बादली धरायचे. ज्याला त्याला ते सांगत सुटले की मूळ वाटी मी घासली. ते सांगायची काही गरज नव्हती, गल्लीला दोष त्या वाटीनं लागला नव्हता, पण नऊ दिवस तोंडात अडकलेलं वाक्य होतं ते, बाहेर पडल्यावर थांबेना. बोळाच्या तोंडाशी मोठ्या पातेल्यात सगळं दही खदखदून उकळलं आणि ओतून टाकलं.

चौथ्या दिवशी सकाळी गोळीचा असर उतरला आणि उज्ज्वलाबाईंच्या चिमट्यातून कडी सांडली. त्यांनी ती उचलली, पुन्हा धरली, पुन्हा सांडली. मग त्यांनी चिमटा पाटावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. सर्जेरावांनी कड्या वेचून वाटीत भरल्या. आपण केलं ते योग्यच केलं, असं ते मनात घोकत होते, आणि तसं अजिबात वाटत नव्हतं.

दुपारी मागचं दार वाजलं. जुबेदाभाभी होत्या. त्यांनी ओढणीखालून एक झाकलेली वाटी काढली.

"एक चमचा मागं ठिवला हुता. तुज्यासाठी," त्या कुजबुजल्या. "कुणाला बोलू नको."

त्या गेल्यावर घटकाभरात सुतारांची सून आली. तिच्याही पदराखाली वाटी, आणि कुणाला बोलू नका. मग माळ्यांची आजी. चार वाजेपर्यंत ओट्यावर पाच वाट्या झाल्या, प्रत्येकीवर झाकणी. प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढी चोरी केली. गल्ली साफ झाली असं समजून डॉक्टर परत गेल्या होत्या आणि इकडे पाच घरांत तेच दही झाकून ठेवलेलं होतं. ह्या बायकांचे पाय धरावेत की त्यांच्या नावानं डोकं आपटावं, हे सर्जेरावांना ठरवता येईना. माया होती ती, त्यात शंका नव्हती. आणि तीच माया शबनमच्या दारावरून पाच वेळा चालत आली होती.

उज्ज्वलाबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा उजवा हात कमरेशी थरथरत होता. ह्याचं विरजण लावून रोज वाटीभर खाल्लं असतं तर दोन-तीन दिवसांत तो थांबला असता.

"तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "खा म्हणा, खाते. तुमच्या शब्दाभाईर न्हाई."

खरं तर आयुष्यभर त्या अनेकदा त्यांच्या शब्दाबाहेर होत्या. आजच काय म्हणून त्यांनी हे आपल्यावर टाकलं, ते सर्जेरावांना समजेना. खा, हा एकच शब्द होता, आणि तो जिभेवर आलेला होता. त्या शब्दानं त्यांची घासलेली वाटी पुन्हा भरली असती, झालेलं सगळं न झाल्यासारखं झालं असतं. त्यांनी बायकोच्या हाताकडे बघितलं. मग पातेलं घेतलं, त्यात पाणी भरलं, ते शेगडीवर ठेवलं आणि गॅस पेटवला.

पाण्याला उकळी येईस्तोवर दोघं उभी होती. सर्जेराव वाट्या उचलायला गेले, तर उज्ज्वलाबाईंनी त्यांना कोपरानं बाजूला केलं. पहिली वाटी त्यांनीच उचलली. हात हलत होता, वाटी पातेल्याच्या काठावर खडखडत राहिली, दही काठावरच सांडलं आणि मग वाटी आत गेली. दुसरीही तशीच गेली. तिसऱ्या वाटीला आवाज एवढा झाला की मागच्या बोळात गप्पांना उभ्या राहिलेल्या गल्लीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि आत काय चाललंय हे सगळ्यांना कळत होतं.

पाचव्या वाटीला सर्जेरावांनी बायकोच्या हातावर आपला हात ठेवला. तो हात थांबवायला ठेवला की साथ द्यायला, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. वाटी तशीच, दोघांच्या हातात खडखडत, पाण्यात गेली.